तळ्यात की मळ्यात? पक्ष न लावलेले मतदार आणि प्रायमरी: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की अमेरिकेत सगळ्यात मोठा पक्ष म्हणजे "कुठलाच नाही" हा पक्ष, आणि त्यावर इतके प्रश्न आले की म्हटलं यावेळी फक्त उत्तरंच देऊ. मी न्यू जर्सीत राहते, बरीच वर्षं निवडणुकीच्या दिवशी पोल वर्कर म्हणून टेबलावर बसते, पहाटे पाचला थर्मास घेऊन निघायचं आणि रात्री नऊला घरी, त्यामुळे नियम थोडे पाठ झालेत आणि लोक कुठे अडखळतात तेही समोरून बघितलंय. नावं कोणाचीच देत नाहीये, गावं दिलीयेत.

प्रश्न (पुणे): मुलगा बॉस्टनला असतो, नुकताच सिटिझन झाला. म्हणतो मी इंडिपेंडंट आहे आणि प्रायमरीत मत देणार. आम्हाला अपक्ष म्हणजे शिट्टी नाहीतर कपबशी चिन्ह घेऊन उभा राहणारा उमेदवार माहीत. मतदार कसा काय अपक्ष असतो? आणि ही प्रायमरी म्हणजे नक्की काय?

काका, गोंधळ होणारच, कारण आपल्याकडे मतदार यादीत तुमचं नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, पक्षाचा रकाना नसतो. अमेरिकेत साधारण तीस राज्यांत तो असतो. नाव नोंदवतानाच विचारतात कुठला पक्ष, डेमोक्रॅट, रिपब्लिकन की आणखी कुठला, आणि "कुठलाच नको" असंही सांगता येतं. त्या "कुठलाच नको" ला प्रत्येक राज्यात वेगळं नाव आहे, तुमच्या मुलाच्या बॉस्टनचं राज्य मॅसॅच्युसेट्स, तिथे अनएन्रोल्ड, न्यू हॅम्पशायरला अनडिक्लेअर्ड, कॅलिफोर्नियात नो पार्टी प्रेफरन्स, आमच्याकडे अनअफिलिएटेड. बोलताना सगळ्यांना इंडिपेंडंट म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर निम्म्याहून कितीतरी जास्त मतदार असेच आहेत, म्हणजे तुमचा मुलगा काही वेगळं करत नाहीये.

आता प्रायमरी. तुम्हाला एबी फॉर्म माहितीये ना, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला गाडीतून धावत येतो तो? तो कोणाला द्यायचा हे आपल्याकडे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे तो एबी फॉर्म मतदार देतात, त्या मतदानाचं नाव प्रायमरी. झालं. बाकी सगळं तपशील.

हे काही पूर्वीपासून असं नव्हतं बरं का. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, पुढाऱ्यांनी आत बसून ठरवलं, बाहेर शिकागोच्या रस्त्यावर राडा झाला, ते निवडणूकही हरले, आणि त्यानंतर नियम बदलत बदलत प्रायमरी हीच मुख्य गोष्ट झाली. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला होता, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर, पण मत देणारे पक्षाचे पदाधिकारीच होते, आणि दोन्ही जागा पडल्या. मग तो विषय संपलाच.

तिकीट कापलं की आपल्याकडे बंडखोरी, १९९५ ला महाराष्ट्रात ४५ अपक्ष आमदार निवडून आले त्यात असेच कितीतरी, अगदी २०२४ ला सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून खासदार झाले. इथे बंडखोरी अवघड. बहुतेक राज्यांत कायदाच असा की प्रायमरीत हरलास तर नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही. कनेटिकटमध्ये तशी आडकाठी नव्हती म्हणून २००६ ला सिनेटर जो लीबरमन प्रायमरी हरूनही अपक्ष लढले आणि जिंकले. पण असे थोडेच.

तुमच्या मुलाचं उत्तर एका ओळीत: मॅसॅच्युसेट्समध्ये अनएन्रोल्ड माणूस प्रायमरीच्या दिवशी जाऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो, आणि मत देऊनही अनएन्रोल्डच राहतो. त्याला म्हणावं जा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): फॉर्ममध्ये पक्षाचा चौकोन मी रिकामा सोडला होता. नोव्हेंबरची मतपत्रिका पोस्टाने आपोआप येते. आता जूनच्या प्रायमरीआधी पत्र आलं की पक्ष कळवा नाहीतर मतपत्रिका पाठवणार नाही. हा घोटाळा वगैरे नाही ना?

नाही हो, खरं पत्र आहे. आपल्या राज्यात पोस्टाने मत देणाऱ्या अनअफिलिएटेड माणसाला प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही, कुठल्या पक्षाची हवी ते आधी सांगावं लागतं. किंवा मग सरळ केंद्रावर या, टेबलावर सांगा कुठल्या पक्षात मत द्यायचंय, तिथल्या तिथे होतं. जे आधीच डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन म्हणून नोंदलेले आहेत त्यांना मात्र ऐनवेळी उडी मारता येत नाही, त्यांना ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. म्हणजे पक्ष न लावलेल्यालाच इथे जास्त मोकळीक आहे, लोकांना उलटंच वाटतं.

फक्त एक, मत दिलंत की तुम्ही त्या पक्षाचे म्हणून नोंदले जाता. परत रिकामं व्हायचं असेल तर एक पानी फॉर्म भरून पाठवायचा. न्यू हॅम्पशायरमध्ये याहून गंमत आहे, तिथे मत दिल्यावर बाहेर पडायच्या आधीच दुसऱ्या टेबलावर सही करून परत अनडिक्लेअर्ड होता येतं, पंगतीतून उठल्यावर हात धुवून मोकळं व्हावं तसं.

मी टेबलावर बसले असताना एक जोडपं आलं होतं, शाळेच्या जिममध्ये आमचं केंद्र असतं, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल. माझ्या नावाचा बिल्ला बघून काकांनी एकदम मराठीतच सुरुवात केली. नाव शोधलं, पक्षाचा रकाना कोरा. मी म्हटलं, कुठल्या पक्षात द्यायचंय? काकांनी काकूंकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "मी इकडे देतो, ही तिकडे देईल, म्हणजे दोन्हीकडे बरं राहील, चालेल का?" चालेल की, मी म्हटलं, प्रत्येकाचं स्वतंत्र आहे. मग विचारलं, हे कुठे नोंदलं जाणार का. खोटं कसं सांगू, म्हटलं हो, कोणाला दिलं ते नाही, पण कुठल्या पक्षात दिलं ते नोंदलं जातं. काका दोन पावलं मागे सरकले. "नको मग. उगाच कुठेतरी नाव लागायचं." आणि दोघं निघून गेले, काकू जाताना मागे वळून बघत होत्या. नोव्हेंबरमध्ये आले होते परत, छान कपडे घालून, मत दिलं, "आय व्होटेड" चं स्टिकर शर्टाला लावलं. त्या वर्षी आमच्या गावात कौन्सिलला समोर कोणी उभंच नव्हतं, जे काय ठरायचं ते जूनमध्ये ठरून गेलं होतं.

ही भीती कुठून येते ते मला कळतं, आपण गावाकडे बघितलेलं असतं की अमुक घर अमुकांचं असा शिक्का बसला की रस्त्याचं खडीकरणही त्या घरापाशी येऊन थांबतं. इथे त्या नोंदीने काय होतं? प्रचाराचे फोन आणि पत्रं वाढतात. बस.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): ४३ टक्के लोक स्वतंत्र आहेत असं सगळीकडे वाचतो. मग तरी निवडून येतात ते दोनच पक्षांचे. हे गणित कसं काय?

गणित असं की तो ४३ टक्के आकडा एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे. गॅलप ही सर्वेक्षण करणारी कंपनी वर्षभर लोकांना फोन करून विचारते की आज तुम्ही स्वतःला काय मानता, २०२३ ला ४३ टक्के इंडिपेंडंट म्हणाले, डेमोक्रॅट २७ आणि रिपब्लिकन २७. पण गॅलप पुढचा प्रश्नही विचारते, बरं, झुकता कुठे? की लगेच बहुतेक जण इकडे नाहीतर तिकडे झुकतात आणि खरोखर मधोमध उभे राहणारे उरतात दहाच्या आसपास टक्के. आणि हे झुकणारे लोक मत देताना पक्षवाल्यांइतकेच पक्के असतात. आपल्याकडे "आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही, फक्त माणूस बघून मत देतो" म्हणणारे काका असतात ना, आणि चाळीस वर्षं एकाच चिन्हावर शिक्का, तेच हे.

मग वाढ खोटी का? तसंही नाही. तरुण मंडळींना पक्षाचं लेबल खरंच नकोसं झालंय, दोन्ही पक्षांचा वैताग आहे. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या घरात तर आजोबांपासून चालत आलेला पक्षही नसतो, तो कुठून येणार.

पण एक कारण आहे जे फारसं कोणी सांगत नाही आणि मला ते सगळ्यात मजेशीर वाटतं, ते म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सची खिडकी. ओरेगॉनने २०१६ मध्ये सुरू केलं की तुम्ही लायसन्ससाठी गेलात की तुमची मतदार नोंदणी आपोआप होणार, नंतर घरी एक कार्ड येतं की पक्ष निवडायचा असेल तर कळवा. कोण कळवतंय! कार्ड जातं फ्रीजवर मॅग्नेटखाली. हळूहळू तिथे पक्ष नसलेले मतदार हाच सगळ्यात मोठा गट झाला, आणि पुढे असंच बऱ्याच राज्यांनी केलं. म्हणजे यादीतले कितीतरी "स्वतंत्र बाण्याचे मतदार" हे एका न भरलेल्या चौकोनातून जन्माला आलेत. त्यांना बंडखोर म्हणणंही चूक आणि आळशी म्हणणंही, त्यांना कोणी धड विचारलेलंच नाही. आणि ओरेगॉनमध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रायमरी बंद आहेत बरं का, म्हणजे कार्ड फ्रीजवर राहिलं की मे महिन्यातल्या प्रायमरीतून तुम्ही बाहेर.

तुमच्या कॅलिफोर्नियात वेगळं आहे. २०१० ला मतदारांनी पास केलेल्या प्रपोझिशन १४ या प्रस्तावापासून आमदार, खासदार, गव्हर्नर यांच्यासाठी एकच प्रायमरी, सगळे उमेदवार एकाच यादीत, सगळे मतदार आत, पहिले दोन पुढे जाणार, भले दोघं एकाच पक्षाचे असोत. २०१६ ला सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ दोघी डेमोक्रॅट आमनेसामने होत्या. पण राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी यात येत नाही! ती पक्षाची, तिथे नो पार्टी प्रेफरन्सवाल्याला डेमोक्रॅटिक मतपत्रिका आधी मागून घ्यावी लागते, न मागितली तर येणाऱ्या मतपत्रिकेत राष्ट्राध्यक्षाचा रकानाच नसतो आणि लोक म्हणतात छापायला विसरले वाटतं. रिपब्लिकन पक्ष बाहेरच्यांना देत नाही.

आणि हे तपासाच: तुम्ही नोंदणी करताना "अमेरिकन इंडिपेंडंट" ला टिक केलेलं नाही ना? तो एक पक्ष आहे. १९६८ च्या निवडणुकीत जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते, यांच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१६ ला त्यातल्या लोकांना विचारलं तर सुमारे चारातले तीन म्हणाले आम्हाला वाटलं आम्ही इंडिपेंडंट म्हणून नोंदलोय. माझ्या ओळखीत एक अस्सल पुरोगामी, आंबेडकर जयंतीला भाषण करणारे गृहस्थ आहेत, सात वर्षं त्या पक्षाचे सदस्य निघाले. चेहरा बघण्यासारखा होता.

प्रश्न (क्वीन्स, न्यूयॉर्क): २०२५ ला मेयरच्या प्रायमरीत मला मत द्यायचं होतं, एप्रिलमध्ये पक्ष बदलायला गेले तर म्हणाले मुदत गेली. मी टॅक्स भरते, निवडणुकीचा खर्च माझ्या पैशातून होतो, आणि मलाच आत घेत नाहीत. हे घटनेत बसतं का?

ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे, पण उत्तर आवडणार नाही: बसतं.

आधी तारीख. न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष लावायची किंवा बदलायची शेवटची तारीख १४ फेब्रुवारी. व्हॅलेंटाइन डे, म्हणजे विसरायला निमित्त नको. त्या तारखेला निम्मे उमेदवारसुद्धा कोणाला माहीत नसतात. पूर्वी तर याहून वाईट होतं, २०१६ ला एप्रिलच्या राष्ट्राध्यक्षीय प्रायमरीसाठी मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये होती, आणि त्यात डोनाल्ड ट्रम्प यांची स्वतःची मुलं, इवांका आणि एरिक, अडकली, वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही त्यांना.

मेयरच्या वेळी शहरात दहा लाखांच्या वर मतदार असे होते ज्यांनी पक्ष लावलेला नव्हता. ते सगळे २४ जूनला घरी, आणि झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना त्याच दिवशी हरवलं. कुओमो नंतर नोव्हेंबरला अपक्ष उभे राहिले, तिथे तुम्हीही मत दिलं असेल, पण ते नेहमी होत नाही. एरवी त्या शहरात डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबर म्हणजे हळदीकुंकू. २०१८ ला तुमच्याच क्वीन्समध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ कोर्टेझ यांनी जो क्राउली नावाच्या दहा टर्मच्या खासदाराला पाडलं, त्या प्रायमरीत सगळी मिळून तीस हजारांच्या आत मतं पडली होती. जवळपास सात लाख वस्तीच्या मतदारसंघाचा खासदार ठरवायला तीस हजार! आपल्याकडे एवढ्या मतांत नगरसेवक निवडून येतो.

घटनेचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की पक्ष ही लोकांची संघटना आहे, आपला उमेदवार निवडताना कोणाला आत घ्यायचं हे ती ठरवणार. १९८६ च्या कनेटिकटच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की पक्षाला इंडिपेंडंट आत हवे असतील तर राज्य अडवू शकत नाही. २००० साली कॅलिफोर्नियाच्या खटल्यात उलटी बाजू, पक्षाला बाहेरचे नको असतील तर राज्य ते लादू शकत नाही. मला व्यक्तिशः पक्षाचा हा हक्क मान्य आहे, आपल्या सोसायटीच्या कमिटीत शेजारच्या सोसायटीने मत द्यावं का, तर नाही. पण मग हॉल सोसायटीने स्वतःच्या पैशाने भाड्याने घ्यावा. सरकारी शाळा, सरकारी मशीन, सरकारी पगारावरचे आम्ही पोल वर्कर आणि आत फक्त सभासद, हे मला पटत नाही. मुदत तरी दोन आठवड्यांवर आणा, एवढं केलं तरी अर्धं भांडण मिटेल.

तुम्ही काय करायचं, तर जिथे राहता तिथे जी प्रायमरी निर्णायक असते त्या पक्षात नाव लावून ठेवा. लग्न नाहीये ते. नोव्हेंबरला कोणालाही मत द्या, कोणी विचारत नाही.

प्रश्न (प्लेनो, टेक्सस): मी मार्च २०२४ ला रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलं कारण आमच्या भागात तेच निवडून येतात. मनाने मी डेमोक्रॅट. बायको म्हणते ही फसवणूक आहे. आणि आता मी रिपब्लिकन झालो का?

वहिनींना सांगा फसवणूक नाही, टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणीच नाही. त्या दिवशी जी मतपत्रिका घेतलीत त्या पक्षाशी तुम्ही त्या वर्षापुरते बांधलेले. म्हणजे मार्चमध्ये रिपब्लिकन दिलंत आणि कोणाला पन्नास टक्के मिळाले नाहीत म्हणून मे महिन्यात रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांची दुसरी फेरी, लागला, तर तुम्ही रिपब्लिकन रनऑफलाच जाऊ शकता, डेमोक्रॅटिकला नाही. मार्चला घरी बसले असाल तर मात्र रनऑफला कुठेही जा. पुढच्या निवडणुकीला पाटी परत कोरी.

दुसऱ्या पक्षात जाऊन मुद्दाम कच्चा उमेदवार निवडून आणायचा, म्हणजे नोव्हेंबरला आपला जिंकेल, हे लोक बोलतात खूप. २००८ ला रेडिओवरच्या रश लिंबॉ यांनी रिपब्लिकन श्रोत्यांना चक्क हिलरी क्लिंटनना मत द्यायला सांगितलं होतं, ओबामांशी भांडण लांबावं म्हणून. पण प्रत्यक्षात जे उडी मारून जातात ते बहुतेक तुमच्यासारखे, दुसऱ्या घरात निदान बरा माणूस यावा म्हणून. आणि ते पुरतंच असं नाही. वायोमिंगमध्ये २०२२ ला ट्रम्पविरोधी रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांना वाचवायला बरेच डेमोक्रॅट रिपब्लिकन झाले, तरी त्या जवळपास सदतीस टक्क्यांच्या फरकाने हरल्या, आणि वर राज्याने पुढच्या वर्षी कायदा करून ऐनवेळी पक्ष बदलणंच बंद केलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

प्रश्न (ट्रॉय, मिशिगन): ठाणेदारांच्या वेळी आमच्या ग्रुपमधल्या एकाचं प्रायमरीचं मत बाद झालं असं तो सांगतो. असं कसं होईल?

होतं, आणि मिशिगनमध्ये एका विशिष्ट पद्धतीने होतं. तिथेही पक्षाची नोंदणी नाही, ऑगस्टच्या प्रायमरीला एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात, आणि एकाच रकान्यात राहायचं असतं. गव्हर्नरला इकडचा आवडला, खासदाराला तिकडचा, म्हणून दोन्हीकडे गोळे रंगवले की पक्षाचा अख्खा भाग बाद. मशीन बऱ्याचदा कागद परत देतं, दुसरा घेता येतो, पण पोस्टाने पाठवला असेल तर परत कोण देणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, श्री ठाणेदार हे बेळगावचे, घरची गरिबी, मराठी माणूस, तिकडे जाऊन उद्योजक झाले. २०१८ ला गव्हर्नरची डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले, स्वतःचे पैसे ओतले, तिसरे आले. २०२२ ला डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात प्रायमरीत एवढे उमेदवार उभे होते की साधारण २८ टक्के मतांवर ते जिंकले, आणि नोव्हेंबरला तिथे डेमोक्रॅटच येणार हे ठरलेलंच, सत्तरच्या वर टक्के मिळाले. म्हणजे बेळगावचा माणूस अमेरिकेच्या संसदेत गेला तो खरा ऑगस्टमध्ये गेला, आणि अभिनंदनाचे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर फिरले नोव्हेंबरमध्ये. अशा फाटाफुटीच्या प्रायमरीत एखाद्या सोसायटीतली चार घरं सुद्धा महत्त्वाची असतात, तेव्हा तुमच्या मित्राला पुढच्या वेळी एकच रकाना धरायला सांगा.

प्रश्न (फिनिक्स, अॅरिझोना): स्वतंत्र मतदार इतके आहेत तर २०२४ ला सगळ्यांसाठी खुल्या प्रायमरीचे प्रस्ताव सगळीकडे पडले कसे?

पडले खरे, एकजात. तुमच्या अॅरिझोनात, कोलोराडो, आयडाहो, मोंटाना, नेव्हाडा, साउथ डकोटा. नेव्हाडाचं तर विशेष, तिथे घटनादुरुस्तीला दोनदा मंजुरी लागते, २०२२ ला त्याच लोकांनी पास केलं आणि २०२४ ला पाडलं. वॉशिंग्टन डीसीत तेवढं झालं पास. अलास्कात २०२० ला आलेली पद्धत, सगळ्यांची एक प्रायमरी आणि पहिले चार पुढे, ती रद्द करायचा प्रस्ताव होता, ती सातशेच्या आसपास मतांनी वाचली. सातशे! अख्ख्या राज्यात.

कारणं मला दिसतात ती अशी की एकतर दोन गोष्टी एकात कोंबल्या. खुली प्रायमरी लोकांना कळते आणि आवडतेही, पण बऱ्याच ठिकाणी तिच्या शेपटीला पसंतीक्रमाचं मतदान बांधलं, पहिली पसंती दुसरी पसंती, विधान परिषदेचं कसं असतं तसं, आणि ते समजावताना भल्याभल्यांची दमछाक झाली. ज्याला कळलं नाही तो "नाही" ला गोळा करून मोकळा. दुसरं, पैसा बाहेरच्या बड्या देणगीदारांचा, त्यामुळे "बाहेरचे लोक आपल्या राज्यात प्रयोग करतायत" हा प्रचार सोपा गेला. तिसरं, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्ष यात बहुतेक ठिकाणी एकत्र, आणि पक्षांकडे शाखा आहेत, याद्या आहेत, दारोदार जाणारी पोरं आहेत. स्वतंत्र मतदारांकडे काय आहे? ४३ टक्के आहेत पण त्यांची एक सभा कोण बोलावणार, अध्यक्ष कोण, वर्गणी कोण गोळा करणार. गणेशोत्सव मंडळ सुद्धा वर्गणीशिवाय चालत नाही हो.

मला वाटतं पुढचं काम विधिमंडळातून हळूहळू होईल, धडाक्यात नाही. न्यू मेक्सिकोत २०२५ ला साधा कायदा झाला की पक्ष न लावलेले लोक एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात, शेपटी नाही, काही नाही, झाला पास. लुइझियाना मात्र उलट्या दिशेला चाललंय, तिथे १९७५ पासून सगळ्यांची एकत्र प्रायमरी होती, आता खासदारकीसाठी २०२६ पासून पक्षाच्या प्रायमरी परत आणल्या.

तुमच्यापुरतं: राज्याच्या प्रायमरीत तुम्हाला अॅरिझोनात एका पक्षाची मतपत्रिका मागता येते, राष्ट्राध्यक्षाच्या वेळी नाही.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना): माझं ग्रीन कार्ड आहे. प्रायमरी तर पक्षाची अंतर्गत गोष्ट, मग मी दिलं तर चालतं का? लायसन्सच्या वेळी मला नोंदणीचं विचारलं पण होतं.

नाही. नाही. नाही. राज्याच्या आणि देशाच्या प्रायमरी सरकारच घेतं, नागरिक नसताना नोंदणी केली किंवा मत दिलं तर गुन्हा आहे आणि सिटिझनशिप तर सोडाच, आहे ते ग्रीन कार्ड धोक्यात येतं. लायसन्सच्या खिडकीवर घाईत "यस" दाबू नका, दाबलं गेलं असेल तर आजच इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. मेरीलंडमधल्या टकोमा पार्कसारखी काही मोजकी गावं स्थानिक निवडणुकीला नागरिक नसलेल्यांना मत देऊ देतात, पण तुम्ही शार्लटला आहात.

प्रश्न (डेन्व्हर, कोलोराडो): आम्ही दोघंही अनअफिलिएटेड. पोस्टाने प्रत्येकाला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका आल्यात. दोन्ही भरायच्या का? नवरा म्हणतो आल्यात तर भरायच्याच.

भरायची एकच. २०१६ ला लोकांनी मतदानाने हा नियम आणला, पक्ष न लावलेल्याला दोन्ही येतात पण परत एकच पाठवायची, दोन्ही पाठवल्यात तर दोन्ही बाद, मग चांगलं भरलेलंही गेलं. आधी दोन्ही टेबलावर पसरून बघा कुठल्या पक्षात खरी चुरस आहे, जिथे एकाच नावाला गोळा करायचाय ती बाजूला ठेवा. नवऱ्याला हवं तर तो दुसऱ्या पक्षाची भरू दे, त्याच्या पाकिटात त्याची, तुमच्या पाकिटात तुमची, आणि सही ज्याची त्याने स्वतःच्याच पाकिटावर करा, तिथेही अदलाबदल होते. उरलेले दोन कागद पाकीट चिकटवायच्या आधी फाडून टाका, नंतर नाही, कारण घाईत कुठला कागद आत गेला ते कोणालाच आठवत नाही.